एकाच चुलीवरच्या आठ भाकऱ्या

पास्कू, तुझी निळी फाईल आठ दिवस माझ्या गाडीच्या डिकीत होती. दोह्याच्या उन्हात डिकीतलं चॉकलेट दुसऱ्या सिग्नलपर्यंत टिकत नाही, आणि मी तुझी इतक्या वर्षांची कात्रणं तिथे भाजत ठेवली. घरात आणायचा धीर होत नव्हता. अबू हमूरला, तू गेल्याला महिना झाला म्हणून ठेवलेल्या मिस्सेच्या प्रार्थनेनंतर, चर्चच्या पार्किंगमध्ये तुझ्या अ‍ॅनीने ती माझ्या हातात दिली. म्हणाली, "अंकल, डॅड सेड धिस गोज टू यू." मी विचारलं, कधी म्हणाला? तिने खांदे उडवले. "लाँग बॅक. ही सेड, मास्तर विल नो व्हाय."

मास्तरला ठाऊक होतं. म्हणूनच डिकी.

तुझी बायको रोझी तुला वसईला नेऊन, आपल्या देवळाच्या, म्हणजे गावच्या चर्चच्या, आवारात मातीला देऊन परत आली आणि चौथ्या दिवशी हॉस्पिटलच्या ड्युटीवर उभी राहिली. मी साधी एक फाईल उघडू शकत नव्हतो. त्यात इथल्या मराठी मंडळाच्या सेक्रेटरीचा फोन. स्मरणिकेत पास्कूवर दोन पानं हवीत, आणि ती तुम्हीच लिहा, कारण तुमची भाषा छान. मी म्हटलं, दुसरं कुणी बघा. तर म्हणतात कसे, "अहो, ते भाकऱ्यांचं वाक्य अजून लोकांच्या तोंडात आहे." मी फोन ठेवला आणि उगीचच सगळ्या खोल्यांतून एक चक्कर मारून आलो. मग आणखी एक मारली.

त्या वाक्याचंच सांगायचंय. तुला नव्हे, तुला ते माझ्याआधी माहीत होतं. बाकीच्यांना.

तर तू जरा थांब, वाचणाऱ्यांना आधी झूक म्हणजे काय ते सांगू दे, नाहीतर हे लोक पान उलटून हळदीकुंकवाचे फोटो बघतील. कॅरिबियन समुद्रात फ्रेंचांच्या ताब्यातली काही बेटं आहेत. तिथल्या वादकांनी आपले गावठी ढोल, पॅरिसच्या स्टुडिओतली यंत्रं आणि पितळी वाद्यं एकत्र करून नाचायचं संगीत काढलं. ते झूक. तू तरुणपणी प्रवासी बोटीवर स्टुअर्ड होतास. अशाच एका बेटावर तुमची बोट लागली, एका दुकानात हा अल्बम वाजत होता आणि तू बोटीवर परतायची वेळ विसरलास. बोट गाठण्यासाठी धक्क्यावरून कसा पळालास, एक चप्पल कशी तिथेच राहिली, हे मी तुझ्या तोंडून शंभरदा ऐकलंय. पण दुकानात तुला नेमकं काय झालं, ते तू कधी सांगितलं नाहीस. मी विचारलं की म्हणायचास, "आवडलं." तोंडाला कुलूप नसलेला माणूस तू, आणि तिथे एका शब्दावर गप्प. मला त्याचं कधी नवलही वाटलं नाही.

अल्बमचं नाव क्रिओल भाषेत. तू ते तीन तऱ्हांनी उच्चारायचास, तिन्ही बहुतेक चुकीच्या. गाणी आठ.

मी चर्चच्या गायकवृंदाचा मास्तर, कीबोर्ड वाजवणारा, चार सुरांत चाली बांधणारा. त्यामुळे मला सगळं कळतं हे उघडच होतं. मी तुला म्हणायचो, ज्या संगीतात ढोल मशीन वाजवतं त्याला संगीत म्हणू नकोस, पास्कू. तू म्हणायचास, "आणि तुझ्या कीबोर्डमध्ये कोण बसलाय, तुझा आजा?" या भांडणात आपले करक चहाचे निदान पन्नास कप संपले असतील. मुंतझाच्या त्या कोपऱ्यावरच्या चहावाल्याला आपली दोघांची तोंडं एवढी पाठ होती की तू गेल्यावर मी एकटा गेलो तर त्याने दोन कप आणले. एक मी तसाच गाडीच्या बॉनेटवर ठेवून आलो. परत देणं जमलं नाही.

तुझी फाईल त्या भांडणातूनच वाढली. मी म्हणालो होतो, बाजारू माल आहे, जाणकारांनी काय म्हटलंय ते बघ. तू मनावर घेतलंस. जुन्या मासिकांच्या झेरॉक्स, इंटरनेटवरून काढलेली पानं, बोटीवरच्या एका जुन्या दोस्ताने पाठवलेली कात्रणं, जिथून मिळेल तिथून त्या अल्बमची परीक्षणं गोळा केलीस. फ्रेंच तुला येत नव्हतं. तुमच्या साइट ऑफिसात मुनीर नावाचा ट्युनिशियाचा ड्राफ्ट्समन होता. जेवणाच्या सुट्टीत तो एकेक वाक्य वाचून इंग्रजीत सांगायचा आणि तू एसीच्या डक्टच्या ड्रॉइंगांच्या पाठीवर ते मराठीत उतरवायचास. मुनीरचं इंग्रजी तोडकं, तुझं त्याहून तोडकं. पण मराठी उतरायची ती अशी की वाचत राहावं.

पॅरिसच्या बड्या समीक्षकाने नाक मुरडलं होतं. ढोल यंत्राने वाजवलाय आणि माणूस बटण दाबून कॉफी प्यायला गेलाय, असा त्याचा सूर. बेटावरच्याच एका जाणत्याला राग आला होता की बापजाद्यांच्या ढोलाला अत्तर फासून त्याला शहरात दाखवायला नेलंय. लंडनच्या कुणा बाईने मात्र लिहिलं होतं की पहिल्या गाण्याला तिने वही पर्समध्ये टाकली ती कार्यक्रम संपेपर्यंत बाहेर काढली नाही. ही सगळी पानं तू माझ्यापुढे टाकलीस आणि प्रत्येकाच्या कोपऱ्यात पेन्सिलने केलेली खूण दाखवलीस. काहींवर ‘उ’, काहींवर ‘ब’.

"हे काय?"

"उभा आणि बसलेला. वाचलं की कळतं, मास्तर. कोणी हे उभं राहून ऐकलं आणि कोणी बसून."

"असं कुठे कळतं का?"

"तुला कळत नाही. तू बसलेला आहेस."

तो पॅरिसवाला आठवतोय? दहा-बारा वर्षांनी अल्बम पुन्हा निघाला तेव्हा त्यानेच पुन्हा लिहिलं आणि आपले निम्मे शब्द गिळले. त्याच्या नव्या कात्रणावर तू आधी ‘ब’ काढून खोडला होतास आणि शेजारी लाल पेनाने ‘उ’. मोठ्या खुशीत होतास त्या दिवशी. म्हणालास, "बघ, माणूस उठू शकतो." मी म्हटलं, कंपनीने पाकीट दिलं असेल. तू हसला नाहीस.

आता माझी चोरी.

चार वर्षांपूर्वी मंडळाने स्मरणिकेत नवं सदर काढलं, ‘माझ्या मित्राचं गाणं’. मित्राच्या आवडीच्या अल्बमवर आपण लिहायचं. तू ती सीडी मला आणून दिलीस, दोन्ही हातांनी, फादरने पवित्र भाकर द्यावी तशी. फाईलही दिलीस, माहितीसाठी. म्हणालास, "आधी ऐक. मग काय लिहायचं ते लिही. शिव्या दे, पण ऐकून दे." मी म्हटलं, अर्थात.

मी ऐकलं नाही, पास्कू. माझ्या गाडीच्या प्लेअरमध्ये मुलांच्या बडबडगीतांची सीडी अडकलेली, हे एक निमित्त होतं. ऑफिसात ऑडिट होतं, हे दुसरं. पण फोनवर शोधलं असतं तर दोन मिनिटांत मिळालं असतं. शोधलं नाही, कारण मला वाटलं ऐकायची गरजच काय. मत तर तयार होतं. शेवटच्या दिवशी फाईल उघडली, पॅरिसवाल्याचं जुनं परीक्षण काढलं, तुझ्या मराठीतलं, आणि उंटावरून शेळ्या हाकल्या. त्या भाषांतरात एक वाक्य होतं. मूळ माणसाने बहुधा फक्त ‘एकसुरी’ एवढंच म्हटलं असेल. तू त्याचं केलं होतंस, ‘आठ गाणी म्हणजे एकाच चुलीवरच्या आठ भाकऱ्या’. मी ते उचललं आणि माझ्या परीक्षणाच्या पहिल्या ओळीत टाकलं. खाली नाव माझं.

उचलताना मला काही वाटलं नाही, हे आज सर्वात जास्त खुपतं. मनात म्हटलं असेन, पास्कूचं काय, तो थोडाच लेखक आहे.

स्मरणिका निघाली त्या दिवशी हॉलमध्ये लोक माझ्याभोवती. वा मास्तर, भाकऱ्या काय टाकल्यात. रत्नागिरीचे एक चाचा तर बायकोला ते वाक्य दुसऱ्यांदा वाचून दाखवत होते. आणि पलीकडे तू, हातात वड्याची प्लेट. तू माझ्याकडे आलास. तू म्हणालास, "भाकऱ्या मस्त हां, मास्तर," आणि वड्याची प्लेट माझ्यापुढे धरलीस. मी वडा घेतला. खाल्लासुद्धा.

दुसऱ्या आठवड्यात तुझी सीडी आणि फाईल परत केली. तू केस उघडून आत बघितलंस, मिटलीस आणि खिशात टाकलीस. मी म्हटलं, दुसऱ्यांदा ऐकायला हवी होती. तू म्हणालास, "हो ना. दुसऱ्यांदा."

त्यानंतर चार वर्षं मी एकच गोष्ट चाचपडत राहिलो, याला कळलंय की नाही. चोराच्या मनात चांदणं. तू काही बोललास तरी मला त्यात दुसरं ऐकू यायचं, नाही बोललास तरी यायचं. ईस्टरला तुझ्या घरी जेवायला होतो. रोझीने तांदळाच्या भाकऱ्या केलेल्या, सोबत बोंबलाचं कालवण. तू माझ्या ताटात एकामागून एक वाढत गेलास आणि म्हणालास, "खा रे, सगळ्या एकाच चुलीवरच्या आहेत." रोझी हसली, मीही हसलो, आणि मला इतका ठसका लागला की रोझीने पाणी आणलं. तू पाठीवर थापट्या मारत होतास. त्या थापट्या जरा जोरात होत्या का? मी वर्षभर त्यावर विचार केला. आता कुणाला विचारू?

कबूल करायच्या जागा तू किती दिल्यास. एकदा शुक्रवारी, म्हणजे इथल्या आपल्या रविवारी, मिस्सा संपल्यावर तू माझी गाडी बरवा अल बराहाकडे वळवायला लावलीस. तुमच्या डक्टिंगच्या गँगचे कामगार तिथे राहतात. "चल, तुला समीक्षक दाखवतो." खाली मोठ्या खोलीत जेवणं उरकलेली, कुणी कॅरम खेळतोय, कुणी घरी फोनवर. तू टेबलावर स्पीकर ठेवलास आणि अल्बम लावलास. काही सांगितलं नाहीस, कुठल्या देशाचं, कोण गातंय, काहीच नाही. अर्ध्या मिनिटात कुमार नावाच्या तुझ्या नेपाळी फिटरचा खांदा हलायला लागला. कॅरम थांबला. तू माझ्या कानात म्हणालास, "याने लिहिलं बघ." मग एक बिहारी वेल्डर उठला, साठीचा, लुंगी सावरत. "यानेपण लिहिलं." तुझं तोंड बघण्यासारखं झालं होतं. तू मला म्हणालास, "थांब आता. तिसरं येऊ दे."

मी थांबलो नाही. दुसरं गाणं अर्ध्यावर असताना खिशातला फोन काढला, वाजत नसलेला, आणि हॅलो हॅलो करत बाहेर गाडीत जाऊन एसी लावून बसलो. खोलीत एकेक जण उभा राहत होता, पण मला तिथे उभं राहवेना. थोड्या वेळाने तू आलास, मागे तो वेल्डर. त्याने काचेवर टकटक केली. म्हणाला, "मास्टरजी, ढोलक तो मशीन है, लेकिन वो बाजेवाला सुना? वो असली आदमी है." मी म्हटलं, हां हां, बहुत बढिया. तू गाडीच्या दाराशी उभा राहून माझ्याकडे नुसता बघत होतास. मग आत बसलास, पट्टा लावलास आणि म्हणालास, "यल्ला, चल." वाटेत एसीच्या गॅसवर बोललास.

मला तुझा राग येतो, पास्कू. मेल्या माणसावर रागावू नये म्हणतात, पण येतो. एकदा कॉलर धरून विचारलं असतंस तर मी पाय धरले असते. तू नुसती दारं उघडी ठेवत गेलास. असा कुठे सूड असतो का? आणि हा सूड नव्हताच म्हटलं, तर मग मला त्याहून वाईट वाटतं.

जायच्या दोन दिवस आधी तुझा फोन आला. "मास्तर, शुक्रवारी मिस्सेनंतर थांब. एक बोलायचंय." मला क्वायरची प्रॅक्टिस होती, मी म्हटलं, इन्शाल्ला. या देशात बावीस वर्षं काढलेली आपण माणसं, जमवायचं नसलं की आपण इन्शाल्ला म्हणतो हे तुला पक्कं माहीत होतं. तू म्हणालास, "खलास, मग राहू दे." शुक्रवारपर्यंत तू नव्हतास.

आज सकाळी फाईल वर आणली. बायको मुलांना घेऊन मॉलमध्ये गेली होती. फाईल स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवली आणि आधी चहा केला, मग भांडी घासली, मग स्वच्छ घासलेली भांडी पुन्हा घासली. शेवटी उघडली. तीच पानं, पॅरिस, लंडन, बेटं. उ, ब, ब, उ. मुनीरच्या अक्षरातले काही फ्रेंच शब्द. सगळ्यात शेवटी माझं कात्रण. जगभरच्या समीक्षकांच्या रांगेत तू मलाही लावलं होतंस, प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून.

कोपऱ्यात ना ‘उ’ होता ना ‘ब’. तुझ्या अक्षरात दोन वाक्यं होती. ‘ऐकलं नाही. मराठी छान आहे.’

मी हसलो. खरंच सांगतो, आधी मोठ्याने हसलो, कारण मराठी तुझी होती आणि तू तुलाच शाबासकी देऊन ठेवली होतीस, मला दिसेल अशा जागी. मग ओट्याला धरून उभा राहिलो. चार वर्षं ज्या प्रश्नाने माझी झोप खाल्ली त्याचं उत्तर तेव्हाच लिहून झालं होतं, आणि ते लिहिल्यावरही तू मला भाकऱ्या वाढल्यास.

तुला कसं कळलं, तेही त्याच पाकिटात होतं. सीडीची केस, आणि तिच्यात, तबकडीच्या खाली, एक घडी घातलेली चिठ्ठी. बाहेर ‘मास्तरला’ लिहिलेली. तू सीडी दिलीस तेव्हाच ती आत होती. मी केस परत केली तेव्हाही ती तशीच, तबकडीखाली, न उलगडलेली. म्हणून तू उघडून बघितलं होतंस. आणि तेव्हापासून तूही ती हलवली नव्हतीस. आज मी उलगडली.

‘मास्तर, तिसऱ्या गाण्यात ट्रंपेट येतो. माझा बा आळीतल्या बँडमध्ये असाच वाजवायचा, श्वास अर्ध्यावर तोडून. तो गेला तेव्हा मी बोटीवर होतो. तार मिळाली तोवर मातीसुद्धा झाली होती. पुढच्या बंदरात हे गाणं दुकानात लागलं होतं. उभं राहून ऐक. मग काय लिहायचं ते लिही.’

एवढंच. आवडलं म्हणायचास ते हे.

वाचणाऱ्यांनो, मी या पानांवर लेखी देतो की त्या अल्बमचं माझं परीक्षण खोटं होतं आणि भाकऱ्यांचं वाक्य पास्कूचं होतं. ज्यांनी ज्यांनी मला त्याबद्दल वा म्हटलं त्यांनी ते परत घ्यावं आणि रोझीला जाऊन सांगावं.

आमच्या जुन्या म्युझिक सिस्टिममध्ये सीडी अजून चालते. पहिलं गाणं लावलं. खरं सांगू का, ढोल मशीनचाच आहे, मी त्यावरून हटणार नाही. आणि आठही गाण्यांचा ठेका जवळपास तोच. तू असतास तर आपण पुन्हा भांडलो असतो, आणि या वेळी मी ऐकून भांडलो असतो. नाचायला काही मला आलं नाही. नाचता येईना अंगण वाकडं म्हणशील, पण आमचं स्वयंपाकघर खरंच लहान आहे. नुसता उभा राहिलो, ओट्यापाशी, ओले हात पुसत.

तिसऱ्या गाण्यात, बरंच पुढे, ट्रंपेट आला. चार-पाच सूर वर गेला आणि मध्येच श्वास तोडून थांबला. आपल्याकडे लग्नात वरात देवळाच्या पायरीशी येते आणि बँडवाला दम घ्यायला क्षणभर थांबतो, सगळी माणसं त्याच्याकडे बघतात, तसा. मग पुन्हा सुरू झाला. तुझ्या बाला मी कधी पाहिलेलं नाही. मला तू दिसलास, गाडीच्या काचेबाहेर, माझ्याकडे नुसता बघणारा.

मी ते गाणं पुन्हा लावलं. मग पुन्हा. ही दोन पानं त्या ओट्यावरच लिहिली आहेत, पाय भरून आलेत.

शेवटी तुझी पेन्सिल शोधली, ती फाईलच्या खणात होती. माझ्या कात्रणाच्या कोपऱ्यात, तुझ्या दोन वाक्यांच्या शेजारी, लहानसा ‘उ’ काढला. थोडा वेळ बघितला. मग खोडून टाकला. तो तू द्यायचा असतो.